कमरेवरचं शिल्प

क्योतोच्या तोमोतादानं अठराव्या शतकात कोरलेला बसका बैल एका मुठीत मावतो. पाय पोटाखाली दुमडलेले, शेपूट मांडीला लगटलेलं, वेसणीची दोरी पाठीवरून अंगासरशी गेलेली. शिंगंसुद्धा मागे वळून मानेला टेकलेली. चहूबाजूंनी बोट फिरवलं तरी कुठं टोचत नाही, कुठं अडकत नाही. उलटा केला की अंगाखाली दोन भोकं दिसतात आणि या देखण्या बैलाचं खरं काम कळतं. त्या भोकांतून रेशमी दोरी ओवलेली असायची, दोरीच्या दुसऱ्या टोकाला तंबाखूची पिशवी किंवा औषधाची डबी लोंबायची, आणि बैल आपल्या धन्याच्या कमरपट्ट्यावर बसून ते सगळं ओझं तोलून धरायचा.

या वस्तूला नेत्सुके म्हणतात. आकार साधारण तीन ते पाच सेंटिमीटर. लाकूड, हस्तिदंत, हरणाचं शिंग, रानडुकराचा सुळा, अक्रोडाचं कवच, चिनी माती, लाख, बांबू, पोवळं, असं जे हाती लागलं आणि टिकाऊ होतं त्यातून ते घडवलं गेलं. सुमारे अडीचशे वर्षं जपानी पुरुष ही लहानशी शिल्पं कमरेला लावून बाजारात गेले, नाटकाला गेले, तीर्थयात्रेला गेले.

जगभरच्या शिल्पांसमोर ‘हात लावू नये’ अशी पाटी असते, आणि ती योग्यच असते. नेत्सुकेचं शास्त्र उलटं आहे. कोरणारा ते अर्धंच पुरं करतो. उरलेलं अर्धं काम वापरणाऱ्याचं बोट, त्याच्या कपड्याचा घासा आणि वर्षं मिळून करतात. ही गोष्ट ध्यानात ठेवली तर नेत्सुकेचा जन्म, त्याचं रूप, त्याची उतरती कळा आणि आजचा पेच, सगळं एका धाग्यात येतं.

खिसा नसलेला पोशाख

एदो काळात (1603 ते 1868) जपानी स्त्रीपुरुषांचा रोजचा पोशाख होता कोसोदे, म्हणजे आजच्या किमोनोचा पूर्वज. सरळ पट्ट्यांचा, अंगावर एकावर एक पदर आणून ‘ओबी’ नावाच्या कमरपट्ट्यानं बांधायचा. त्याला खिसा नव्हता. कागद, रुमाल असल्या हलक्या वस्तू छातीवरच्या पदरात किंवा बाहीच्या झोळात राहायच्या. बायका ओबीच्या घड्यांमध्येही काही खोचून ठेवत. जड किंवा सारखी लागणारी वस्तू मात्र पुरुषाला कमरेलाच लटकवावी लागे. आपल्याकडे पूर्वी धोतराच्या कनवटीला पैसे आणि कमरेला पानाची चंची असायची, तशीच ही निकड. आपण ती गाठीवर आणि खोचण्यावर भागवली. जपान्यांनी त्यासाठी एक अडसर शोधला.

रचना अगदी साधी आहे. पिशवी किंवा डबीची दोरी ओबीच्या आतून वर ओढून घ्यायची. वरच्या काठाबाहेर नेत्सुके बसतं, त्यामुळे दोरी निसटून खाली जात नाही. मध्ये ‘ओजिमे’ नावाचा सरकता मणी असतो. तो खाली सरकवला की पिशवीचं तोंड मिटतं, वर सरकवला की उघडतं. अशा लोंबत्या वस्तूंना एकत्रितपणे ‘सागेमोनो’ म्हणत. त्यांत सर्वांत दिमाखदार होती इन्रो, म्हणजे एकावर एक अचूक बसणाऱ्या कप्प्यांची, लाखेचं काम केलेली चपटी डबी. तिच्यात औषधं ठेवली जात.

सर्वांत खपाची सोबतीण मात्र तंबाखूची पिशवी. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात पोर्तुगीज जहाजं गोव्याहून निघून मलाक्का, मकाव करत नागासाकीला पोचत. पोर्तुगीजांबरोबरच जपानमध्ये तंबाखू आली. शोगुनांच्या, म्हणजे लष्करी सत्ताधीशांच्या, राजवटीनं सुरुवातीला तिच्यावर बंदी घालून पाहिली, पण व्यसन बंदीला पुरून उरलं. थोड्याच काळात ‘किसेरू’ ही लांब नळीची, इवल्याशा वाटीची चिलीम घराघरांत पोचली. चिलीम आली तसं तिचं घरटं आलं, तंबाखूची पिशवी आली, आणि प्रत्येक पिशवीला एक नेत्सुके आलं.

मिरवायचं, पण बेतानं

तोकुगावा शोगुनांच्या समाजरचनेत सामुराई वर, मग शेतकरी, मग कारागीर आणि सर्वांत खाली व्यापारी. पैसा मात्र बरोबर उलट्या दिशेनं वाहत होता. ओसाका आणि एदोचे (आजचं तोक्यो) व्यापारी गब्बर झाले आणि कर्जबाजारी सामुराई त्यांच्या दारात येऊ लागले. राज्यकर्त्यांनी काटकसरीचे हुकूम वारंवार काढले. कुणी कुठलं कापड नेसावं, घर कसं बांधावं, दागिन्यात काय चालेल, सगळ्यावर नजर. हे हुकूम पोकळ नव्हते. ओसाकाच्या योदोया या धनाढ्य व्यापारी घराण्याची सारी मालमत्ता 1705 मध्ये ऐषआरामाच्या ठपक्याखाली सरकारजमा झाली.

अशा वातावरणात श्रीमंतीला लहान जागा शोधावी लागते. बाहेरून साधं सुती वस्त्र आणि आतून रेशमी अस्तर, ही त्या काळच्या शहरी रसिकतेची खूण. नेत्सुके याच वृत्तीचं अपत्य. लाकडाच्या तुकड्याला किंवा शिंगाच्या टोकाला कोण हरकत घेणार? त्यात ओतलेलं कसब जाणत्यालाच कळे. चहाच्या बैठकीत शेजारी बसलेल्यानं ते हातात घेऊन न्याहाळावं, कोरणाऱ्याची सही शोधावी, त्यातली गोष्ट ओळखावी आणि मनोमन दाद द्यावी, यातच मालकाचा सगळा सन्मान होता. माकडाच्या वर्षी माकड, वाघाच्या वर्षी वाघ अशी राशिचक्रातल्या बारा प्राण्यांप्रमाणे निवड होई. ऋतूप्रमाणे, सणाप्रमाणे बदल होई. प्रवासाला निघणाऱ्यासाठी बेडूक शुभ, कारण तो सुखरूप घरी परत आणतो असा समज.

सुरुवातीची नेत्सुके म्हणजे एखादं मूळ, शिंपला, गाठोडं असंच काही असे. सतराव्या शतकाच्या अखेरीपासून कोरीव कामाला बहर आला आणि प्रकारही ठरत गेले. चारी बाजूंनी कोरलेलं ते ‘काताबोरी’. गोल चपटं, गोड वडीसारखं दिसणारं ते ‘मान्जू’. धातूची कोरीव चकती बसवलेलं ‘कागामिबुता’. कमरपट्ट्यात उभं खोचायचं लांबट ‘साशी’. नो आणि क्योगेन नाटकांतल्या मुखवट्यांच्या चिमुकल्या प्रतिकृतींचाही एक स्वतंत्र प्रकार झाला.

सही करणारे हात

1781 मध्ये ओसाकाला ‘सोकेन किशो’ नावाचा सात खंडांचा ग्रंथ निघाला. लेखक इनाबा त्सुर्यू हा तलवारीच्या साजाचा जाणकार. ग्रंथही मुख्यतः त्याच विषयावर. पण शेवटच्या खंडात त्यानं पन्नासहून अधिक नेत्सुके कोरणाऱ्यांची नोंद केली, काहींच्या कामाची चित्रं दिली. या कलेची पहिली ओळखपरेड ती हीच. तोमोतादाच्या बैलांना इतकी मागणी आहे की बाजारात नकला बोकाळल्या आहेत, हे त्यातच नोंदलेलं आहे. म्हणजे कलावंत हयात असतानाच, किंवा त्याच्यानंतर लगेचच, बनावट मालाचा धंदा सुरू झाला होता. त्याच ग्रंथात योशिमुरा शूझान येतो. कानो परंपरेतला हा चित्रकार सुरूच्या जातीच्या हलक्या लाकडात अद्भुत प्राणी आणि सिद्धपुरुष कोरून रंगवायचा, आणि सही कधीच करायचा नाही.

गावागावांचं वळण वेगळं होतं. क्योतोला तोमोतादा, मासानाओ, ओकातोमो यांचे ताकदीचे प्राणी. तान्बा प्रांतात तोयोमासा, ज्याच्या लाकडी जनावरांच्या डोळ्यांत जडावकाम चमकतं. त्सू गावचा मिन्को दारुमाची, म्हणजे बोधिधर्माची, अशी मूर्ती करायचा की तिचे डोळे फिरायचे. डोंगराळ हिदा प्रांतात सुकेनागा यू वृक्षाचं लाकूड रंग न देता मोजक्या धारदार घावांत कोरायचा. त्या लाकडाचे लाल आणि पांढरट पट्टेच रंगाचं काम करत. इसे इथं मासानाओ हेच नाव पिढ्यान्‌पिढ्या चालवणारं घराणं असामा डोंगरावरच्या बॉक्सवूडमध्ये बेडूक कोरत राहिलं. इसेच्या महामंदिराला येणारे यात्रेकरू ते घेऊन जात.

मला सगळ्यांत जवळचा वाटतो तो इवामी प्रांत, आजच्या शिमाने प्रभागाचा पश्चिम भाग. राजधानीपासून दूर, समुद्र आणि डोंगर यांच्या बेचक्यात. तिथं सेइयोदो तोमिहारू (जन्म 1733) यानं रानडुकराचा सुळा हाती घेतला. सुळा आधीच वाकडा, अरुंद. त्यावर बैल किंवा सिंह बसवणं कठीण. तोमिहारूनं सुळ्याच्या वळणाशी भांडण केलं नाही. त्यावर कोळी बसवला, गोम सोडली, गोगलगाय चढवली. किडामुंगीकडे इतक्या मायेनं पाहणारं शिल्प तेव्हा दुसरीकडे क्वचितच घडत होतं. त्याची मुलगी बुन्शोजो (1764 ते 1838) बापाच्या हाताखाली शिकली आणि स्वतःच्या नावानं सही करू लागली. पुरुषांच्या कमरेवर मिरवणाऱ्या आणि बहुतांशी पुरुषांनी कोरलेल्या या वस्तूंच्या इतिहासात तिची सही ठसठशीत उभी आहे. इवामीचे कारागीर सुळ्यावर नावाबरोबर गाव, नदी, तारीख असं सगळं बारीक अक्षरांत कोरत. त्यामुळे कुठल्या वर्षी, कुठल्या नदीकाठी बसून ते काम झालं हे आज वाचता येतं.

लाकडातली एक युक्ती सांगितल्याशिवाय राहवत नाही. तिला ‘उकिबोरी’ म्हणतात. बेडकाच्या पाठीवरचे फोड कोरायचे तर प्रत्येक फोडाभोवतीचं लाकूड खरवडून काढावं लागेल. ते कधीच नैसर्गिक दिसणार नाही. म्हणून कारागीर जिथं फोड हवा तिथं बोथट हत्यारानं लाकूड दाबतो. मग सगळा पृष्ठभाग त्या खळग्याच्या तळापर्यंत तासून सपाट करतो. आता पाठ गुळगुळीत आहे, फोडांचा मागमूस नाही. शेवटी त्यावर पाणी घालतो. दाबले गेलेले तंतू पाणी पिऊन फुगतात आणि फोड आपोआप वर येतात. लाकडाला दाब लक्षात राहतो, ही गोष्ट कारागिराच्या लक्षात राहिली.

बोटांनी लिहिलेलं

नेत्सुके कोरणाऱ्यावर अटी कडक होत्या. टोक बाहेर आलं तर रेशीम फाटेल किंवा टोकच मोडेल. फार जड झालं तर पट्टा ओढला जाईल, फार हलकं झालं तर पिशवी घसरेल. तळ नसतो, कारण ते कशावर ठेवायचंच नसतं; सगळ्या बाजू दर्शनी. दोरीची भोकं अशा जागी हवीत की लोंबताना मूर्तीचं तोंड समोर राहील. चांगला कारागीर ही भोकं स्वतंत्र पाडतही नाही. वाकलेल्या हाताखालची पोकळी, दोन पायांमधली फट, शेपटीचा वेटोळा यांतूनच तो दोरीला वाट देतो. दोन भोकं पाडलीच तर एक दुसऱ्यापेक्षा मोठं, म्हणजे गाठ आत दडते.

मग वापर सुरू होतो. दिवसातून कितीतरी वेळा अंगठा त्याच जागेवरून फिरतो. नाक, गुडघा, पाठीचा फुगवटा आधी गुळगुळीत होतात. खोलगट जागी कोरीव रेघा तशाच राहतात. लाकूड गडद होतं. हस्तिदंताचा उजेडाकडचा भाग पांढरट राहतो आणि अंगाकडचा मधासारखा पिवळसर होतो. भोकांच्या कडा दोरीनं घासून घासून मऊ होतात. जपानी रसिक या मुरलेपणाला ‘नारे’ म्हणतात. नवंकोरं नेत्सुके आणि नारे चढलेलं नेत्सुके शेजारी ठेवलं तर जाणत्याचा हात दुसऱ्याकडे जातो.

हाच नारे खऱ्याखोट्याचा साक्षीदारही ठरतो. बनावट माल रंगात बुडवून जुना केला जातो, तेव्हा खाचा आणि उंचवटे सारखेच काळवंडतात. माणसाचं बोट इतकं समदर्शी नसतं. शिवाय नकला करणारा भोकं वाटेल तिथं पाडतो. दोरी ओवून लटकवलं की मूर्ती उलटी होते किंवा जमिनीकडे पाहू लागते. जे कधी कमरेवर बसलंच नाही, ते लगेच उघडं पडतं.

ऋष्यशृंग आणि माकडाचं काळीज

नेत्सुकेतले विषय म्हणजे एदो काळच्या माणसाचं सगळं मन. भूत, राक्षस, काप्पा नावाचं नदीतलं पिशाच्च, पोट बडवणारा तानुकी हा मायावी प्राणी, बाजारातला आंधळा मालीश करणारा, कोंबडा बगलेत धरलेला डच व्यापारी. या गर्दीत आपल्या ओळखीचे चेहरेही भेटतात, कारण बौद्ध ग्रंथांबरोबर भारतातल्या कथा चीनमार्गे जपानला पोचल्या होत्या.

इक्काकू सेन्निन हा त्यांतला एक. हरिणीच्या पोटी जन्मलेला, कपाळावर एक शिंग असलेला तपस्वी. पावसानं निसरड्या झालेल्या वाटेवर घसरून पडतो, रागानं पाऊस पाडणाऱ्या नागांना गुहेत कोंडतो आणि राज्यात दुष्काळ पडतो. वाराणसीचा राजा एका लावण्यवतीला पाठवतो. तिच्यामुळे तपस्व्याचं सामर्थ्य लोपतं आणि पाऊस पडतो. रामायणाच्या बालकांडातला, रोमपादाच्या अंगदेशात पाऊस घेऊन येणारा ऋष्यशृंग तो हाच. जपानमध्ये या कथेवर नो नाटक झालं, आणि कोरणाऱ्यांनी तिच्यातला नेमका क्षण उचलला: तपस्वी त्या सुंदरीला पाठुंगळी घेऊन निघाला आहे. दोन देह एकमेकांना चिकटलेले, बाहेर काहीच निघालेलं नाही. कथेनं सोय करून दिलेलं नेत्सुकेच ते.

पंचतंत्रातलं माकड आणि मगरही तिथं आहे. जपानी कथेत समुद्राच्या नागराजाला राणीच्या औषधासाठी माकडाचं काळीज हवं असतं आणि कासव किंवा जेलीफिश माकडाला आणायला निघतं. काळीज झाडावर विसरलो, ही थाप तीच. सात भाग्यदेवतांमधला मोगरी घेऊन भाताच्या पोत्यांवर बसणारा दाइकोकू मूळचा महाकाल, आणि वीणेसारखं वाद्य वाजवणारी बेन्झाइतेन म्हणजे आपली सरस्वती.

खिसा आला

1868 मध्ये मेइजी राजवट आली आणि जपाननं पाश्चात्त्य वळण घेतलं. 1872 मध्ये दरबारी समारंभांसाठी पाश्चात्त्य पोशाख ठरला. हळूहळू नोकरदार पुरुष कोट-पाटलोण घालू लागले. पाटलोणीला खिसे होते. किसेरूच्या जागी सिगारेट आली. नेत्सुकेचं काम एकदम संपलं, आणि नेमक्या त्याच वेळी युरोपला जपानी कलेचं वेड लागलं. घरोघरच्या पेट्यांमधून निघालेली नेत्सुके टोपल्यांनी पॅरिस-लंडनला गेली. रशियाचा जवाहिरा फाबेर्जे यानं शेकड्यांनी जमवली. त्या लाटेत जपानी कलावस्तू मुंबईतही आल्या. सर रतन टाटा आणि सर दोराबजी टाटा यांच्या संग्रहांतून आपल्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात चिनी-जपानी कलेचं दालन उभं राहिलं.

जपानमधले कारागीर आता परदेशी गिऱ्हाइकासाठी कोरू लागले. कसब वाढलं, नाजूकपणा वाढला. मूर्तीच्या हातातली काठी बाहेर निघाली, बोटं सुटी झाली, तळ सपाट झाला. भोकं नावापुरती उरली. कपाटात ठेवायच्या वस्तूला कमरेचा धाक कशाला?

चार्ल्स एफ्रुसी या धनाढ्य ज्यू रसिकानं 1870 च्या दशकात पॅरिसमध्ये 264 नेत्सुके एकगठ्ठा घेतली. 1899 मध्ये ती त्यानं व्हिएन्नातल्या चुलतभावाला, व्हिक्टरला, लग्नाची भेट म्हणून पाठवली. आई कपडे करत असताना व्हिक्टरची मुलं ती कपाटातून काढून गालिच्यावर खेळत. 1938 मध्ये नाझी घरात घुसले. चित्रं, फर्निचर, ग्रंथ, सगळं मोजून नेलं. घरातली मोलकरीण आना हिला त्यांनी आवराआवरीसाठी ठेवून घेतलं होतं. तिनं एका वेळी तीन-चार अशी नेत्सुके एप्रनच्या खिशात घालून आपल्या खोलीत नेली आणि गादीत लपवली. युद्धानंतर मालकांची मुलगी परत आली तेव्हा आनानं ती सगळीच्या सगळी तिच्या हवाली केली. एडमंड द वाल या कुंभार-लेखकाच्या 2010 च्या ‘द हेअर विथ अँबर आईज’ या पुस्तकामुळे ही कथा जगभर पोचली. त्या संग्रहातली 157 नेत्सुके पुढं व्हिएन्नाच्या ज्यू संग्रहालयाला दीर्घ मुदतीनं देण्यात आली आणि 79 नगांचा लिलाव निर्वासितांच्या मदतीसाठी झाला.

या कथेत मला दिसतं ते असं: टोकं नसलेली, मुठीत मावणारी, घासलं तरी न मोडणारी वस्तू बनवा, ही अट एदोतल्या कमरपट्ट्यानं घातली होती. तिनंच व्हिएन्नात ती वाचवली. बिनखिशाच्या पोशाखासाठी जन्मलेल्या शिल्पाला एका मोलकरणीच्या खिशानं आणि तिच्या धैर्यानं तारलं.

हत्ती आणि नवे हात

आज हस्तिदंताचा प्रश्न टाळून नेत्सुकेबद्दल बोलता येत नाही. जपानमध्ये हत्ती नव्हते. हस्तिदंत नागासाकीच्या बंदरातून यायचा, आणि शामिसेन हे तंतुवाद्य वाजवण्याच्या बाची (नख्या) कापून उरलेले तुकडेही कोरणाऱ्यांकडे यायचे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात निर्यातीसाठी हस्तिदंताचा वापर वाढला. आंतरराष्ट्रीय व्यापारावर 1990 पासून बंदी आहे. भारतात कायदा त्याआधीच कडक झाला होता. ब्रिटनचा 2018 चा कायदा 2022 मध्ये अमलात आला, आणि मोजके अपवाद सोडले तर आता 1918 पूर्वीची, असाधारण कलामूल्याची म्हणून प्रमाणित झालेली हस्तिदंती वस्तूच तिथं विकता येते. अनेक संग्राहक नाराज आहेत. मी कायद्याच्या बाजूनं आहे. जिवंत हत्तीपुढं कुठल्याही संग्रहाची किंमत खाली धरावी लागेल. शिवाय तोयोमासा, सुकेनागा, मिन्को, तोमिहारू यांची उत्तमोत्तम कामं लाकडात आणि सुळ्यात आहेत. ही कला हस्तिदंतावर कधीच अवलंबून नव्हती. अवलंबून होती ती कमरेवर आणि बोटांवर.

नेत्सुके कोरणारे आजही आहेत. राजघराण्यातले ताकामादो आणि त्यांच्या पत्नी यांनी समकालीन कारागिरांना आवर्जून पाठिंबा दिला. त्यांच्या संग्रहातली पाचशे नेत्सुके तोक्योच्या राष्ट्रीय संग्रहालयाकडे आली आणि 2011 पासून तिथं त्यांचं स्वतंत्र दालन आहे. त्यात सुझन रेट यांच्यासारख्या परदेशी कोरणाऱ्यांचं कामही आहे. क्योतोच्या मिबु भागात जुन्या सामुराई वाड्यात 2007 मध्ये फक्त नेत्सुकेला वाहिलेलं सेइशू संग्रहालय उघडलं. तिथं बॉक्सवूड, शिंग, मॅमथचा दात अशा साहित्यातलं नवं काम पाहायला मिळतं, आणि हातांतलं कसब एदो काळाच्या तोडीचं आहे याबद्दल शंका उरत नाही.

कमी पडतोय तो वापरणारा. नवं नेत्सुके विकत घेणारा बहुतेक वेळा ते थेट काचेमागं ठेवतो, आणि कारागिरानं अर्धं सोडलेलं काम अर्धंच राहतं. माझं मत स्पष्ट आहे. दोनशे वर्षांचा नारे चढलेली नेत्सुके संग्रहालयांत जपावीत. आणखी बोटं लागली तर कोरीव रेघा पुसल्या जातील. पण प्रत्येक दालनात निदान एखादं नवं लाकडी नेत्सुके येणाऱ्यांच्या हातात द्यायला हवं, कारण डोळ्यांनी पाहून हे शिल्प निम्मंही कळत नाही. आणि आज कोरली जाणारी नेत्सुके विकत घेणाऱ्यांनी ती वापरायला हवीत. किमोनो सणासमारंभाला अजून नेसला जातो. रोजच्या पिशवीची, फोनची दोरीही चालेल. जपानमध्ये अशी चिमुकली लोंबती खेळणी मोबाइलला लावण्याची हौस मोठी होतीच. शंभर वर्षांनी एखाद्या जाणत्याला आपल्या काळाचा नारे बोटाखाली लागायचा असेल, तर त्याची सुरुवात आजच्याच कुणाच्या तरी अंगठ्यानं करावी लागेल.